समारंभानंतरचा समारंभ

सकाळी घरात पहिला आवाज होई तो माईंच्या चपलांचा. मागच्या दाराची कडी काढून त्या अंगणात जात, गोदामाचं कुलूप एकदा ओढून पाहत आणि मगच चहाचं आधण ठेवत. गोदामात तंबूचे खांब, गालिचे, दिव्यांच्या माळा आणि घड्या घालून रचलेल्या खुर्च्या होत्या. हे सगळं चोरायचं तर चोराला आधी ट्रक भाड्याने घ्यावा लागला असता, हे माईंना ठाऊक होतं. तरीही कुलूप ओढून पाहिल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

मग थोरला मुलगा खाली येई. दिवे आणि लाउडस्पीकर त्याच्याकडे होते. तो मोबाइलवर हवामान बघे आणि हवामान कसंही असलं तरी "कठीण आहे" म्हणे. धाकटा ट्रक सुरू करून ठेवी. धाकटी सून बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासत असे; अंडी उकडेपर्यंतच्या वेळात ती मुलीच्या दोन वेण्या घाली. मोठी सून सगळ्यांच्या शेवटी उतरे. शाळेतली नोकरी सोडून तिने बालमनाचा एक अभ्यासक्रम केला होता, आणि तेव्हापासून ती रोज सकाळी वरच्या खोलीत श्वासावर लक्ष ठेवून बसे. खालची भांडी घासून होईपर्यंत तिचं लक्ष श्वासावरून ढळत नाही, असं धाकटी एकदा म्हणाली होती. ते वाक्य घरात बरेच दिवस पुरलं.

अशी ही रोजची सकाळ. माईंची पंचाहत्तरी झाल्यापासून मात्र तीत एका वस्तूची भर पडली होती. नाश्त्याच्या टेबलावर, मीठदाणीशेजारी, माइक.

"हॅलो, हॅलो." थोरल्याने त्यावर टिचकी मारली. "चला भिंगरीबाई, निवेदन."

धाकटीची मुलगी भिंगरी खुर्चीवर उभी राहिली. ती दुसरीत होती. एका जागी बसत नसे म्हणून हे नाव पडलं होतं, आणि अलीकडे ती बसवलं तिथे बसून राहत असल्यामुळे ते नाव घ्यायला सगळ्यांनाच जड जात होतं.

"आजच्या नाश्त्याला पाव, अंडी आणि केळी आहेत," ती माइकमध्ये म्हणाली. "केळी जरा काळी पडली आहेत. धन्यवाद."

टाळ्या झाल्या. धाकट्याने हातातलं अंडं खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. माईंनी टेबलावर थाप मारली.

"काय आवाज आहे!" थोरला म्हणाला. "उपजत आहे हे. शिकवून येत नाही."

"आणि आता आपला तक्ता," मोठी म्हणाली.

तक्ता फ्रिजवर लावलेला होता. त्यावर मोठीने स्वतः रंगवलेले पाच चेहरे होते: आनंदी, शांत, उदास, रागावलेला आणि एक, ज्याचं तोंड रंगवताना ब्रश घसरल्यामुळे त्याला काय झालंय ते कुणालाच सांगता येत नव्हतं. भिंगरी गेली, आनंदी चेहऱ्यावर बोट ठेवून परत आली आणि बसली.

"बघितलंत?" मोठी कुजबुजली. "सलग रोज आनंदी. पद्धत लागू पडते आहे."

भिंगरीने अंडं सोललं, पांढरा भाग वेगळा केला, पिवळा वेगळा केला आणि दोन्ही बशीत ठेवून दिले.

*

दोन पिढ्या ज्या घराने दुसऱ्यांचे समारंभ उभे केले, त्या घराने माईंच्या पंचाहत्तरीला प्रथमच स्वतःसाठी तंबू ठोकला होता. दूरदेशी असलेली लेक आपली जुळी मुलं घेऊन आली होती. जुळे भिंगरीच्याच वयाचे. तिघं मिळून तीन आठवडे घरात एकच गलका होता. समारंभाचं निवेदन भिंगरीने केलं. ती चुकली तिथे लोक हसले, चुकली नाही तिथे टाळ्या पडल्या, आणि जेवणं उरकल्यावर ती माइक हातात धरूनच झोपी गेली.

या धंद्याचा एक दंडक होता. माईंच्या पतींनी तो घालून दिला होता: सकाळी उठल्यावर यजमानाला उघडा खांब दिसता कामा नये. उतरवलेल्या तंबूसारखं भकास दुसरं काही नसतं. म्हणून उजाडायच्या आत अंगण असं स्वच्छ करायचं, की काल इथे काही होतं याची शंकासुद्धा येऊ नये. या एका गोष्टीवर त्यांनी गावातली गिऱ्हाइकं बांधून ठेवली होती.

घरच्या समारंभालाही घराने तोच दंडक लावला. पहाट होण्याआधी तंबू गेला, खुर्च्या गेल्या, माळा गेल्या. लेकीचं विमान सकाळचं होतं. "मुलांना उठवू नका, रडारड होईल," असं कुणीतरी म्हणालं, आणि ते इतकं शहाणपणाचं वाटलं, की नंतर प्रत्येकाला ते आपणच म्हणालो असं आठवत होतं. झोपलेल्या जुळ्यांना गालिच्याच्या गुंडाळ्यांसारखं उचलून गाडीत ठेवण्यात आलं. काम नेहमीप्रमाणे चोख झालं.

भिंगरी उठून अंगणात आली तेव्हा अंगण झाडलेलं होतं. ती बराच वेळ मधोमध उभी राहिली. मग आत येऊन आईला म्हणाली, "काल खरंच झालं ना?"

त्यानंतर ती फारसं काही बोलली नव्हती. निवेदनं सोडून.

*

भिंगरीच्या प्रश्नावर बैठक संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर भरली. भिंगरीला गृहपाठाला पिटाळण्यात आलं.

"याला उतरणीचा काळ म्हणतात," मोठी म्हणाली. "मूल उंच चढतं, मग एकदम खाली येतं. आपण त्याला अलगद उतरवायचं असतं."

"उतरवायचं कशाला?" थोरला म्हणाला. "वरच ठेवू. रविवारी अंगण मोकळं आहे. एक छोटासा कार्यक्रम करून टाकू. घरचाच."

"कशाचा?" धाकटीने विचारलं.

"कशाचा म्हणजे? मागच्याच कार्यक्रमाचा. समारंभानंतरचा समारंभ. मोठ्या लोकांत करतात हल्ली."

"कल्पना वाईट नाही," धाकटा म्हणाला.

"मघाशी स्वयंपाकघरात तू म्हणालास, आता पुरे झालं," धाकटी म्हणाली.

"तेही वाईट नव्हतं."

छोटासा कार्यक्रम टेबलावर फार काळ छोटा राहिला नाही. थोरल्याकडे रंग बदलणारे नवे दिवे आले होते आणि ते कुठेतरी लावून बघायला हवेच होते. पंचाहत्तरीला तो आयुष्यात पहिल्यांदा शिडीवर नव्हता, दारात उभा होता, आणि लोकांनी त्याचा हात हातात घेतला होता. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने फोनवरून त्याला "ए लाइटवाला" म्हटलं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

"मागच्या वेळी माझं मनोगत अर्धवट राहिलं," मोठी म्हणाली.

"जेवण गार होत होतं," माई म्हणाल्या.

"म्हणूनच म्हणते, या वेळी जेवणाआधी घेऊ. मुलांनाही ऐकायला मिळेल की भावना पूर्ण करायच्या असतात."

"लोकांच्या भावना पोटाशी जोडलेल्या असतात वहिनी," धाकटी म्हणाली. "पण मला एक सांगा. रविवारनंतर सोमवार येणारच ना?"



"सोमवारचं सोमवारी बघू," थोरला म्हणाला. "तू ना, दिवस उजाडायच्या आधीच मावळतीचं बोलतेस. माई, तुम्हीच सांगा."

माईंनी कपातला चहा हलवला. पंचाहत्तरीच्या संध्याकाळी अनेक माणसं उठून त्यांच्याबद्दल बोलली होती. त्यांनी धंदा कसा सांभाळला, एकटीने ट्रक कसा चालवला; त्यातलं निम्मं खरं होतं आणि उरलेलं निम्मं ऐकायला जास्त बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून घरात त्यांना एकच प्रश्न विचारला जात होता: गोदामाची किल्ली कुठे आहे.

"केक मागच्याच दुकानात सांगा," त्या म्हणाल्या. "पण नाव नीट लिहायला सांगा. मागच्या वेळी अक्षरं केकवरून खाली उतरली होती."

म्हणजे ठरलं. धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा भिंतीकडे बघत होता; त्या भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

एवढ्यात दाराशी भिंगरी दिसली. हातात गृहपाठाची वही.

"रविवारी कार्यक्रम आहे?"

"आहे तर!" थोरला म्हणाला. "आणि निवेदन कोण करणार?"

"जुळे येणार?"

प्रश्न साधा होता. जुळे समुद्रापलीकडे होते, शाळेत बसलेले होते आणि पुढची दोन वर्षं येण्याची चिन्हं नव्हती. टेबलावरच्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. पण भिंगरीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं, कितीतरी दिवसांनी, आणि ते थांबवण्याची छाती कुणालाच झाली नाही.

"येणार म्हणजे काय!" थोरला म्हणाला. "त्यांच्याशिवाय मजा आहे का?"

धाकटीने इतरांकडे पाहिलं. कुणीतरी "अरे" म्हणेल, कुणीतरी खाकरेल. मोठी तक्त्याकडे बघू लागली. माईंनी कप उचलला. मग धाकटीच्या लक्षात आलं की आपणही वाट बघतच बसलो आहोत, आणि तेवढ्यात भिंगरी पळत जिना चढून गेली होती. पळत.

"बघितलंस?" थोरला विजयाने म्हणाला. "पळाली!"

खोलीत गेल्यावर धाकटीने नवऱ्याला धरलं. "रविवारी ती दाराशी उभी राहील. तेव्हा काय सांगणार आहेस?"

"दादाने म्हटलं, माई गप्प बसल्या. म्हणजे घरात ठरलं."

"आणि तुझं काय मत?"

"मी खांब लावतो गं," तो म्हणाला. "कुठे लावायचे ते मला सांगतात."

तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरोखरच कुणाला दुखवायचं नसे, आणि त्यापायी त्याने आजवर बऱ्याच जणांना दुखवलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले. धाकटीने त्यांचा उजवा डोळा झाकला आणि समोरची अक्षरं वाचायला सांगितली. त्यांनी वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचली. डावा झाकला, तीही वाचली. तिला शंका आली. तिने अक्षरांची फळी बदलली. गृहस्थ पहिल्याच ओळीला अडले.

"बाहेर बसलो होतो तेव्हा लोक वाचत होते," ते ओशाळून म्हणाले. "पाठ झालं."

"अहो काका, ही काय परीक्षा आहे का?"

"मुलगा बरोबर आलाय ना. त्याला वाटतं, बाबांचे डोळे चांगले आहेत. म्हटलं, कशाला त्याच्या जिवाला घोर."

तिने त्यांना नवा नंबर काढून दिला, पण तो दिवस तिला सरेना. फ्रिजवरचा आनंदी चेहरा तिच्या डोळ्यांसमोर येत राहिला. रोज सकाळी, न बघता, एकाच जागी टेकणारं बोट. ते मूल बरं होत नव्हतं. घर बरं राहावं म्हणून फळी पाठ करत होतं.

ती नेहमीपेक्षा लवकर घरी आली. अंगणात रविवारचे खांब उभे राहू लागले होते. थोरला शिडीवर होता आणि नवे दिवे एकदा जांभळे, एकदा हिरवे होत होते.

"कसे वाटतात?" त्याने वरून विचारलं.

"भिंगरी कुठे आहे, दादा?"

"गोदामात. सराव चाललाय. शाळेतून आल्यापासून कामाला लागली आहे पोरगी! मी म्हटलं होतं ना?"

गोदामाचं दार लोटलेलं होतं. आत खुर्च्यांच्या थप्पीवर भिंगरी बसली होती. माइकची वायर कशालाच जोडलेली नव्हती. धाकटी दाराशीच थांबली.

"सन्माननीय पाहुणे," भिंगरी म्हणत होती, "आता मी माफी मागते. नाही. आधी मी माफी मागते, मग केक." ती थांबली. "जुळ्यांनी माझ्याकडे माइक मागितला होता, तेव्हा मी दिला नाही. मी म्हटलं, हा माझा आहे. म्हणून ते मला न सांगता गेले. आता आज पूर्ण वेळ माइक त्यांच्याकडे राहील. मी खाली बसेन. टाळ्या."

तिने स्वतःच टाळ्या वाजवल्या. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

धाकटीला आत जायला थोडा वेळ लागला. सासरच्या या घरात तिने आजवर टोमणे मारले होते, विरोध म्हणून टोमण्यांच्या पुढे ती कधी गेली नव्हती. टोमणा मारला की घर हसे, आणि काम ठरल्याप्रमाणे होई. आता बाहेर खांब उभे होते, केक सांगितला गेला होता आणि सासूबाईंनी कितीतरी वर्षांनी स्वतःसाठी काही मागितलं होतं. ती आत गेली आणि मुलीशेजारी थप्पीवर बसली.

"भिंगरी, रविवारी जुळे येणार नाहीत."

"काका म्हणाले."

"काका चुकीचं म्हणाले. आणि मी तिथेच बसले होते, तरी काही बोलले नाही. ते खूप लांब गेलेत. लवकर येणार नाहीत."

भिंगरी माइककडे बघत राहिली. "मी माइक दिला नाही म्हणून?"

"नाही गं. त्यांनाही कुणी उठवलं नव्हतं. झोपेतच उचलून नेलं. त्यांना जाग आली ती गाडीत. आत्याने कळवलं होतं, धाकट्या जुळ्याने उठल्याबरोबर विचारलं, भिंगरी कुठल्या सीटवर आहे?"

हे वाक्य भिंगरीने पूर्ण आत घेतलं. मग तिने विचारलं, "मला का नाही उठवलं?"

"तू रडली असतीस म्हणून."

"मग रडले असते," भिंगरी म्हणाली. "त्यात काय!"

धाकटीने मान डोलावली.

"तुम्ही सगळ्यांनी टाटा केलं?"

"हो."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

तेव्हा भिंगरी रडली. आधी आवाज न करता, मग असा आवाज करून की शिडीवरच्या थोरल्याच्या हातून पक्कड पडली. धाकटीने तिला उगी उगी म्हटलं नाही, चॉकलेट देऊ असं म्हटलं नाही, बाहेर दिवे कसे जांभळे झालेत तेही दाखवलं नाही. हे सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. ती मुलीच्या पाठीवर हात ठेवून नुसती बसून राहिली, आणि नुसतं बसून राहणं किती अवघड असतं ते तिला पहिल्यांदाच कळलं.

*

माई अंगणात आल्या तेव्हा थोरला शिडीवरून उतरून गोदामाकडे निघाला होता. "काय झालं? कुणी काय सांगितलं तिला? माइक जोडून देऊ का?"

"थांब तिथेच," माई म्हणाल्या.

"अहो, पण रडते आहे ती!"

"ऐकू येतंय मला. बहिरी नाही झाले अजून."

मोठी जिन्यावरून धावत आली. तिच्या हातात तक्ता होता. फ्रिजवरून ओढताना त्याचा एक कोपरा फाटला होता. "मी जाते. अशा वेळी मुलाला भावनेचं नाव सांगावं लागतं. कोणता चेहरा दाखवला तिने?"

"स्वतःचा," माई म्हणाल्या.

मोठी तक्ता धरून उभी राहिली. आतून पुन्हा एक हुंदका आला, लांबलचक आणि खरा. तिचा हात हळूहळू खाली आला. "इतके दिवस ती…" ती म्हणाली आणि पुढचं बोलली नाही. मग तक्त्याची सुरळी करून ती जिन्याच्या पायरीवर बसली. तिचं हेही मनोगत अर्धवटच राहिलं, आणि या वेळी तिला कुणी तोडलं नव्हतं.

"खोटं सांगितलं असं नाही, माई," थोरला म्हणाला. "जरा वेळ मिळावा म्हणून म्हटलं. तिला पळताना बघून मलाच… तुम्हीही बसला होतात की."

"होते ना. केकवरच्या अक्षरांची काळजी करत होते."

धाकटा खांबाला टेकून उभा होता. तो आईकडे, भावाकडे आणि गोदामाच्या दाराकडे आळीपाळीने बघत होता. त्याला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. मग कुणी न सांगताच तो गोदामात गेला आणि दार आतून लोटून घेतलं. माईंनी ते पाहिलं. या मुलाला विनाआज्ञा पाऊल उचलताना त्यांनी फारसं पाहिलं नव्हतं.

आतला आवाज हळूहळू खाली आला. थोड्या वेळाने धाकटी बाहेर आली. डोळे लाल, पदराला मुलीच्या नाकाचं पाणी.

"शांत झाली का? हसली?" थोरल्याने विचारलं.

"नाही. भूक लागली म्हणते आहे."

ती सासूसमोर क्षणभर थांबली. काहीतरी ऐकून घ्यायची तयारी तिच्या खांद्यांत दिसत होती. "माई, तुमच्या रविवारचं मी…"

"अंडी वरच्या फळीवर आहेत," माई म्हणाल्या. "मीठ जरा जास्त घाल. रडून झाल्यावर अळणी जात नाही."

धाकटी आत गेली. थोरल्याने दिव्यांचं बटण बंद केलं. अंगण आपल्या मूळ रंगावर आलं.

माई आतल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसल्या. कपाटाला पंचाहत्तरीचे नवे कपडे इस्त्री करून टांगलेले होते. रविवारसाठी त्यांनी ते कालच काढून ठेवले होते. त्यांनी त्या कपड्यांकडे थोडा वेळ पाहिलं, चष्मा चढवला आणि केकच्या दुकानाचा नंबर फिरवला.

"रविवारचा केक नको," त्या म्हणाल्या. "हो, तोच, नावाचा."

पलीकडच्या माणसाने काळजीने विचारलं, काही अडचण आली का, पुढच्या रविवारी ठेवू का?

"अडचण कसली," माई म्हणाल्या. "आमचा समारंभ होऊन गेला."